‘वेस्ट’ म्हटलं की ‘व्हेस्ट’ ऐकू येतं: मराठी तोंडात अडकणारी इंग्रजी व्यंजनं, तपासणी आणि दुरुस्ती

आधी लक्षणं. यातली दोन-तीन ओळखीची वाटली तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

- फोनवर समोरचा माणूस ‘सॉरी?’ म्हणतो, आणि दर वेळी त्याच चार-पाच शब्दांवर म्हणतो.
- मेल आयडीचं स्पेलिंग सांगताना ‘व्ही’ आणि ‘झेड’ दोनदा-तीनदा सांगावे लागतात. अमेरिकेतल्या माणसासाठी झेडला ‘झी’ म्हणावं, तर तो ‘जी’ लिहून घेतो.
- ‘पॅक’ म्हटलेलं ‘बॅक’ होतं, ‘कोट’ म्हटलेलं ‘गोट’, म्हणजे बकरी.
- ‘सिटी’, ‘सिंगल’, ‘सिस्टिम’ हे शब्द घाईत ‘श’कडे झुकतात.
- ‘कार्स’ म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याला ‘कार्ड्स’ वाटतं.
- एकेकटा शब्द सावकाश म्हटला तर बरोबर येतो. मीटिंगमध्ये तोच शब्द जुन्या वाटेने जातो.
- पंधरा दिवस सराव केला, फरक पडला, महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

मराठी हेल या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. शब्दातला प्रत्येक ‘र’ वाजवणं किंवा वाक्याला आपली लय असणं यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. स्वतःचं नावही मराठीच ठेवा. वैभवने स्वतःला इंग्रजी ‘व्ही’ने हाक मारायची गरज नाही. जिथे एका व्यंजनामुळे शब्दच बदलतो, तेवढीच जागा आपण धरतोय.

‘माझी जीभ जड आहे’ असं बहुतेक जण म्हणतात. जीभ ठीक असते. अडचण साठवणीत असते: इंग्रजी शब्द आपण देवनागरीच्या अक्षरात साठवतो आणि बोलताना त्या अक्षराचा मराठी उच्चार बाहेर येतो. म्हणून हा दोष तोंडाचा व्यायाम करून जात नाही आणि गेला तरी परततो. खाली ‘व’ लिहिलं की डब्ल्यू समजा, ‘व्ह’ म्हणजे व्ही, ‘झ’ म्हणजे झेड, ‘ज’ म्हणजे जे. ही नुसती खूण आहे. खरा आवाज कसा काढायचा ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

पहिली तपासणी: एक मिनिटाचं रेकॉर्डिंग

खर्च शून्य. मोबाइलवर साठ सेकंद इंग्रजीत बोला आणि ते जपून ठेवा. वाचू नका, काल कामावर काय केलं ते सांगा. वाचताना डोळ्यांसमोर स्पेलिंग असतं, त्यामुळे जीभ सावध राहते आणि दोष लपतो. बोलताना मन अर्थात गुंतलेलं असतं आणि खरी सवय बाहेर येते.

एक तासाने ऐका. चुकलेले शब्द कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे कोणतं व्यंजन अडलं ते लिहा. वीस प्रकारच्या चुका निघतील असं वाटतं. बहुतेकांच्या कागदावर दोन किंवा तीनच आवाज पुन्हापुन्हा येतात. तेवढेच हातात घ्या. सगळं एकदम सुधारायला निघालेला माणूस दुसऱ्या आठवड्यात सोडून देतो.

व्हॉइस टायपिंगचीही मदत होते, पण दोन गोष्टी सांभाळा. भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’वर असेल तर फोन आपले उच्चार समजून घेतो आणि चूक कळत नाही, तपासणीपुरतं ब्रिटिश किंवा अमेरिकन निवडा. आणि पूर्ण वाक्य देऊ नका, सुटा शब्द द्या. वाक्यात फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर टाइप करतो.

दुसरी तपासणी: उच्चार मुळात माहीत आहे का?

कागदावरचा प्रत्येक शब्द ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात काढून ऐका. दोन्हीकडे ब्रिटिश आणि अमेरिकन आवाज फुकट मिळतात. कितीतरी चुका जिभेच्या नसून माहितीच्या असतात, आणि त्या दोन मिनिटांत संपतात. ‘प्लंबर’मधला बी बोलत नाहीत, तो ‘प्लमर’. ‘सटल’ आणि ‘डेट’ (कर्ज) यांतलाही बी मुका. ‘थॉमस’ आणि ‘थायलंड’ हे टॉमस आणि टायलंड; लंडनची नदीही टेम्स. ‘हसबंड’, ‘रीझन’, ‘डिझाइन’, ‘ट्यूझडे’ यांत एस लिहिलेला असला तरी आवाज झेडचा आहे. ‘यूज’ हे नाम असेल तर शेवटी स, क्रियापद असेल तर झ.

‘क्लोद्स’साठी जिभेची कसरत करणाऱ्यांना एक दिलासा: तो शब्द सरळ ‘क्लोझ’ म्हटलेला चालतो, इंग्रजी मातृभाषा असलेलेही तसाच म्हणतात.

तिसरी तपासणी: कान

शब्दकोशातून ‘वेस्ट’ (पश्चिम) आणि ‘व्हेस्ट’ (बनियन) हे दोन शब्द घरातल्या कुणाला तरी वीस वेळा उलटसुलट लावायला सांगा. तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून कोणता ते सांगा. वीसपैकी सोळा-सतरा बरोबर आले तर कान तयार आहे, पुढे जा. दहा-बाराच आले तर ते अंदाजाने आलेत. अशा वेळी तोंडाचा सराव सुरू करू नका, कारण कानाला जो फरक कळत नाही तो जिभेने चुकवला तरी तुम्हाला समजणार नाही, आणि चुकीचाच सराव पक्का होईल. रोज पाच मिनिटं, बाई-पुरुष, ब्रिटिश-अमेरिकन असे वेगवेगळे आवाज ऐकत हाच खेळ खेळा. आठवडा-दोन आठवड्यांत आकडा चढतो.

चौथी तपासणी: आरसा आणि तीन सेकंद (व्ही आणि डब्ल्यू)

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मराठी माणसाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आहे आणि तो आपल्या लेखनपद्धतीत रुतलेला आहे.

मराठीचा ‘व’ इंग्रजीच्या दोन्ही अक्षरांच्या मधोमध बसतो. त्यात खालचा ओठ दातांच्या जवळ येतो पण घासत नाही. ओठ पुढे येऊन गोल होतात असंही नाही. फरक दाखवायला आपण व्हीसाठी ‘व्ह’ लिहू लागलो: व्हॅन, व्हिडिओ, व्होट. पण मराठीत ‘व्ह’ आधीपासून आहे, नव्हता आणि जिव्हाळा या शब्दांत. तो ‘व’ अधिक ‘ह’ आहे, त्यात श्वासाचा झोत आहे. ‘व्हॅन’ म्हणताना आपण तोच वापरतो. इंग्रजी व्हीत ‘ह’ नाहीच. तिथे आहे घर्षण.

त्यातच भर म्हणजे डब्ल्यू-एचचे शब्दही आपण ‘व्ह’नेच लिहितो: व्हॉट, व्हाइट, व्हील, व्हाय. म्हणजे चाकाचा ‘व्हील’ (डब्ल्यू) आणि वासराच्या मांसाचा ‘व्हील’ (व्ही) आपल्या वहीत एकच झाले. आजच्या प्रचलित ब्रिटिश आणि बहुतांश अमेरिकन उच्चारात डब्ल्यू-एच म्हणजे नुसता डब्ल्यू. ‘का?’ विचारणारा ‘व्हाय’ आणि वाय हे अक्षर यांचा उच्चार अगदी एक आहे. ‘विच’ म्हणजे कोणतं आणि ‘विच’ म्हणजे चेटकीण, हेही एकच. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका त्याच दिवशी थांबतात.

आता आरसा घ्या.

व्ही: खालच्या ओठाची आतली कड वरच्या पुढच्या दातांना हलकेच टेकवा. आधी ‘फ्फ्फ’ अशी हवा जाऊ द्या, मग ओठ न हलवता त्यात आवाज मिसळा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. हा आवाज तीन सेकंद सलग धरता आला पाहिजे. धरता येत नसेल तर तुम्ही मराठी ‘व’ म्हणताय. तोंडासमोर तळहात धरला आणि हातावर भसकन झोत आला, तर तो ‘जिव्हाळा’मधला ‘व्ह’ आहे. खऱ्या व्हीत बारीक, सलग हवा लागते. ओठ चावू नका. जोरात चावला की हवाच अडते आणि ‘ब’ ऐकू येतो.

डब्ल्यू: दात पूर्णपणे विसरा. ‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करा आणि तिथून पुढच्या स्वरावर घसरा. ऊ-एस्ट, ऊ-एस्ट, वेस्ट. ऊ-आइन, ऊ-आइन, वाइन. आरशात शब्दाच्या सुरुवातीला वरचे दात दिसले किंवा ओठ सपाट राहिले, तर पुन्हा ‘ऊ’पासून सुरू करा. क्विक, क्वीन, ट्वेल्व्ह, स्वीट यांच्या पोटातही हाच डब्ल्यू आहे. तिथेही ओठ गोल.

शब्दजोड्या: वाइन–व्हाइन, वेट–व्हेट, वेल–व्हेल, वर्स–व्हर्स. दोन्ही आवाज असलेले शब्द याहून उपयोगी: वेव्ह, ट्वेल्व्ह, रिव्ह्यू वीक. मग वाक्य: ‘वुई विल व्हेरिफाय एव्हरी इन्व्हॉइस धिस वीक.’

काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. पाच-सात दिवसांनी माणूस उत्साहात प्रत्येक ‘व’ला दात लावायला लागतो आणि ‘वन’, ‘वर्क’, ‘वुमन’ सगळे व्हीने म्हणतो. हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाला येतो. आला की फक्त डब्ल्यूचे शब्द दोन दिवस घ्या, मग पुन्हा मिसळा.

पाचवी तपासणी: गळ्यावर हात (झेड)

मराठीत ‘ज’ आणि ‘झ’ दोन-दोन आहेत, हे आपल्याला बोलताना येतं पण सांगताना आठवत नाही. जोर, जागा, झाड, झोप यांत जीभ दातांमागे टेकते. जीभ, जेवण, झेंडा, झिम्मा यांत ती वर टाळूकडे जाते. साधारणपणे आ, ओ, ऊ यांच्या आधी पहिला प्रकार येतो, इ आणि ए यांच्या आधी दुसरा. हीच सवय इंग्रजीवर बसते. म्हणून ‘झू’ आणि ‘झूम’ बऱ्यापैकी जवळ पोचतात, पण ‘झिप’, ‘झीरो’, ‘झेब्रा’, ‘ईझी’, ‘बिझी’, ‘मॅगझिन’ घसरून जेकडे जातात. तुमचा झेड काही शब्दांत बरोबर आणि काहींत चूक का येतो, याचं उत्तर हे आहे. सराव करायचा तो इ-ए असलेल्या शब्दांचाच. ‘झू’ घोकून काही हाती लागत नाही.

आवाज काढायचा ‘स’मधून, ‘झ’मधून नव्हे. गळ्यावर दोन बोटं ठेवा. ‘स्स्स्स’ म्हणा: बोटांना काही जाणवत नाही. जीभ तसूभर न हलवता त्यातच आवाज घाला: बोटांखाली थरथर सुरू होते, मधमाशीसारखा गुंजारव येतो. तोच झेड. तीन सेकंद धरा. मराठी ‘ज’ किंवा ‘झ’ धरता येत नाही, कारण त्यात जीभ आधी टेकते आणि मग सुटते. झेडमध्ये ती कुठेच टेकत नाही. ‘कार्स’चं ‘कार्ड्स’ होतं ते याच टेकण्यामुळे: ‘आज’मधला ज शेवटी लावला की इंग्रजी कानाला मध्ये डी ऐकू येतो.

क्रम असा ठेवा: सिप–झिप, सिंक–झिंक, सील–झील. जीभ जागेवर, फक्त गळा चालू-बंद. नंतर जेशी तुलना: पेज–पेझ, वेज–वेझ, रेज–रेझ. यांतला पहिला शब्द पान, मजुरी, संताप. दुसरा पैसे देतो, वाटा, वाढवणं.

शब्दाच्या शेवटी एक सोपी युक्ती आहे. तिथला झेड इंग्रज लोक स्वतःही फार जोरात वाजवत नाहीत. ऐकणारा फरक ओळखतो तो मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून. ‘आइस’ आखूड, ‘आइझ’ (डोळे) लांब. ‘प्राइस’ आखूड, ‘प्राइझ’ लांब. झेडवर ताकद लावण्याऐवजी स्वर ताणा. ‘बॅट–बॅड’, ‘सीट–सीड’ यांनाही हाच नियम लागतो. इज, वॉज, हॅज हे आपण ‘ज’ने लिहितो आणि दिवसातून शंभरदा म्हणतो, सुरुवात या तिघांपासून करा.

सहावी तपासणी: ‘ई’च्या आधीचा स

हा दोष स्वतःला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग नीट ऐका. मराठीचं जुनं वळण आहे की इ-ए यांच्या आधी स चा श होतो. हिंदीत सींग, सीखना, सीटी, सिपाही, सेठ. मराठीत शिंग, शिकणं, शिट्टी, शिपाई, शेठ. पिढ्यान्‌पिढ्यांची ही ओढ ‘सिनेमा’चा शिनेमा करते आणि घाईत ‘सिटी’, ‘सीट’, ‘सिंगल’लाही ओढून नेते. ‘सिट’चा श झाला तर चारचौघांत अर्थ लाजिरवाणा होतो, त्यामुळे हे ऑफिसात पहिल्यांदा दुरुस्त करण्यासारखं आहे. उलट काही बोलींत श चा स होतो. तिथे ‘शी’ (ती) आणि ‘सी’ (समुद्र) एकच होतात.

आरशात बघा. स म्हणताना ओठ किंचित फाकलेले, हसल्यासारखे. श म्हणताना ते पुढे येतात. ‘स्स्स्स’ दोन सेकंद धरून मग ‘ई’वर या, ओठ पुढे जाऊ न देता: स्स्स्सीट, स्स्स्सिटी. चार-पाच दिवसांत बसतं.

सातवी तपासणी: कागदाची पट्टी (पी, टी, के)

साधारण दोन सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब अशी पातळ कागदाची पट्टी ओठांपासून चार बोटं दूर धरा. ‘पळ’ म्हणा: पट्टी जेमतेम हलते. ओठ मिटून, जुन्या पद्धतीने ‘फळ’ म्हणा: उडते. आता इंग्रजी ‘पार्क’ म्हणा. पट्टी स्पष्ट हलली पाहिजे. शांत राहिली तर इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला तुमचा ‘पार्क’ ‘बार्क’च्या जवळ ऐकू येतो.

कारण असं. इंग्रजीत शब्दारंभीचे पी आणि बी ओळखले जातात ते प्रामुख्याने ओठ उघडल्यावर स्वर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळावरून. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हा वेळ मोजला, आणि त्या अकरांत मराठीही होती. इंग्रजी पी, टी, केला हा वेळ साधारण ६० ते ८० मिलिसेकंद असतो. मराठी प, त, क यांच्यात ती फट जवळजवळ नसतेच. आपल्याला मात्र मोठा फायदा आहे: अल्पप्राण-महाप्राण (प-फ, क-ख) हा भेद आपण जन्मापासून करतो. नवीन काही शिकायचं नाही, असलेला श्वास योग्य जागी घालायचा. ‘कॉफी’चा क थोडासा ख कडे न्या. पूर्ण ख नको, निम्मा.

जागा महत्त्वाची. हा श्वास शब्दातल्या जोर पडलेल्या तुकड्याच्या (सिलेबलच्या) सुरुवातीला येतो: पेपरमधला पहिला पी, ‘अकाउंट’मधला के, ‘रिटर्न’मधला टी. एसच्या मागे आला की अजिबात नाही: स्पिन, स्टॉप, स्किन हे मराठी पद्धतीनेच बरोबर आहेत. तिथे श्वास घालायला लागलात तर ते फार विचित्र वाटतं.

टीमध्ये आणखी एक पायरी आहे. आपला ट जीभ मागे वळवून होतो, त मध्ये ती दातांना लागते; इंग्रजी टी या दोघांच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर होतो. आधी जागा पुढे आणा, मग श्वास घाला. उलटं केलंत तर ‘टी’चं ‘ठी’ होईल.

आठवी तपासणी: किरकोळ, पण नडणारे

‘सिंगर’मध्ये ग नाही, ‘फिंगर’मध्ये आहे. क्रियापदाला ‘र’ लागून शब्द झाला असेल तर ग गाळा. लाँगर, स्ट्राँगर, यंगर यांत मात्र तो आहे. ग नसलेला आवाज आपल्याकडे आहेच: ‘वाङ्मय’मधला ङ. तोच धरून ठेवा.

‘यिअर’ (वर्ष) आणि ‘इअर’ (कान) सारखे येत असतील तर ‘यिअर’च्या सुरुवातीला जीभ टाळूकडे आणखी वर दाबा. उलट ‘एग्झाम’चं येग्झाम आणि ‘ओन्ली’चं वोन्ली होत असेल, तर ‘येक’ आणि ‘वोठ’ची सवय तिथे आली आहे. शब्द स्वरानेच सुरू करा.

एफ म्हणताना दोन्ही ओठ मिटले तर तो फ आहे, एफ नाही. व्हीची जागा, गळा बंद.

‘मेझर’, ‘प्लेझर’, ‘व्हिजन’ यांच्या मधला आवाज ज नाही. ‘श्श्श’ म्हणत गळा चालू करा, तो येतो. याने अर्थ क्वचित बिघडतो, म्हणून घाई नको.

नववी तपासणी: टीएच, सगळ्यात शेवटी

लोक याच्यापासून सुरू करतात आणि दोन महिने त्यातच घालवतात. माझं स्पष्ट मत: हा शेवटी घ्या. इंग्रजी परकी असलेल्या लोकांच्या आपापसातल्या बोलण्यात कोणते उच्चार समजुतीला खरोखर लागतात याची यादी भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली मांडली. त्यात पी-टी-केचा श्वास आहे, टीएच नाही. शिवाय आपण ‘थिन’ थ ने आणि ‘टिन’ ट ने म्हणतो, म्हणजे फरक राखतोच.

तरी हवाच असेल तर: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या धारेला हलकेच लावा आणि फटीतून हवा जाऊ द्या. तीन सेकंद धरता आली तर जमलं. थ आणि द यांत हवा पूर्ण अडते, म्हणून ते धरता येत नाहीत. थिंक, थँक, थ्री यांत गळा बंद. द, धिस, दॅट, देअर यांत चालू. जीभ फार बाहेर काढू नका, पुढचं व्यंजन उशिरा येतं आणि वाक्य अडखळतं.

बरं झालेलं पुन्हा का बिघडतं

कारण सराव शब्दांचा झाला, बोलण्याचा झाला नाही. एका आवाजाला दोन आठवडे द्या, रोज दहा मिनिटं. पहिले तीन दिवस नुसता आवाज, पुढचे चार दिवस शब्द आणि जोड्या, दुसरा आठवडा वाक्यं आणि रोज एक खरा फोन किंवा खरी मीटिंग, जिथे फक्त त्या एका आवाजावर लक्ष राहील. बाकी चुका होऊ देत. एकदम तासभर घोकण्यापेक्षा सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिनिटं जास्त टिकतात.

त्याबरोबर स्वतःच्या कामातले वीस शब्द काढा. कुणाचे इन्व्हॉइस, व्हेंडर, वेअरहाउस असतील, कुणाचे व्हिझा, व्हर्जन, झीरो. ते वहीत देवनागरीत लिहू नका, इंग्रजीतच लिहा आणि अडणाऱ्या अक्षराखाली रेघ मारा. वही बदलली नाही तर जुना ‘व्ह’ परत येणारच. महिन्याने पहिल्यासारखंच एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका.

इथे थांबा आणि तज्ज्ञाकडे जा

पहिली कसोटी: तोच आवाज मराठीतही बिघडतो का? मराठी बोलताना स चा थ होत असेल, र येत नसेल, हवा नाकातून जात असेल, तोतरेपणा असेल, तर हा इंग्रजीचा प्रश्न नाही. वर लिहिलेल्या सरावाने तो सुटणार नाही. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे जा. त्यांची बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हे आधी विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे. दोन्ही याच कामासाठी उभ्या केलेल्या सरकारी संस्था आहेत.

तिसऱ्या तपासणीत तीन-चार आठवड्यांनंतरही आकडा हलला नाही, विशेषतः स, फ, थ हे आवाज एकमेकांत मिसळत असतील, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर श्रवण तपासणी करून घ्या. हे बारीक, उंच पट्टीचे आवाज आहेत आणि ऐकू येणं कमी होताना बहुधा तेच आधी जातात.

पुढचे दात पडलेले असतील किंवा कवळी सैल असेल तर एफ, व्ही, एस नीट येणारच नाहीत, आधी दंतवैद्य. जीभ खालून आखूड बांधलेली असून दातांपर्यंत पोचत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, घरी ताणू नका. घसा दुखायला लागला तर सराव त्याच दिवशी बंद. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि बोलणं अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत जड झालं, तोंड एका बाजूला वाकलं किंवा हात ढिला पडला, तर ती पक्षाघाताची खूण असू शकते. कुठलीही तपासणी न करता तातडीने रुग्णालय गाठा.

यातलं काहीच नसेल, मराठी स्वच्छ असेल, कान ठीक असतील आणि तरीही एका आवाजावर सहा आठवडे नेमाने काम करून रेकॉर्डिंग तसंच असेल, तर इंग्रजी उच्चार शिकवणारा शिक्षक शोधा. त्याने मराठीभाषक विद्यार्थी घेतलेले असावेत. जाताना दोन्ही रेकॉर्डिंगं आणि वीस शब्दांची ती वही सोबत न्या. पहिल्याच तासात त्याने तुमचे ओठ आणि जीभ बघितली नाही, नुसतं ‘माझ्यामागे म्हणा’ म्हणत राहिला, तर दुसरा शिक्षक बघा.